न संपणारा धवला

निवृत्तीनंतर काहीतरी छंद लावून घ्या, असं सरोजिनीबाईंनीच गोपाळकृष्णांना सांगितलं होतं. तेव्हा पुढं जे झालं त्याला थोड्याफार त्याही जबाबदार आहेत. त्यांच्या मनात बागकाम होतं, फार तर बुद्धिबळ. पण गोपाळकृष्णांनी छंद निवडला तो जुन्या टेपा दुरुस्त करण्याचा, आणि तोही जेवणाच्या टेबलावर. तेव्हापासून रोह्याच्या त्या घरात नवराबायको मांडीवर ताट घेऊन जेवत होते.

रोह्याच्या केमिकल कंपनीत गोपाळकृष्णांनी मीटर आणि गेज दुरुस्त करण्यात जन्म घालवला होता. अशा माणसाच्या हातात पेचकस आला की त्याला आपण ब्रह्मदेवाचे धाकटे भाऊ आहोत असं वाटतं. भंगारवाल्याकडून एक जाडजूड टेपयंत्र आणून त्यांनी ते चालू केलं, त्या दिवशी तर त्यांना जेवणही गेलं नाही. त्यात साधी कॅसेट चालत नव्हती. त्याला लागायची पुस्तकाएवढी मोठी काट्रिज, आणि तसली काट्रिज आख्ख्या रायगड जिल्ह्यात कोणाकडे नव्हती. म्हणजे चालू यंत्र आणि घालायला काही नाही. शेजारी हसायचे, पण गोपाळकृष्ण ते यंत्र रोज पुसायचे.

आणि चैत्रातल्या एका सकाळी काट्रिज स्वतःच्या पायांनी चालत घरी आली.

घेऊन आला होता प्रविण, त्यांच्या हाताखाली काम केलेला गडब गावचा पोरगा. पोरगा म्हणायचा इतकंच, त्याची मुलगी लग्नाला आली होती. सोबत त्याची आई, गोदूबाई. हिरवं नऊवारी, नाकात नथ, आणि पदराखाली झाकून आणलेला एक प्लॅस्टिकचा ठोकळा.

"साएब, यान माजे आयचा आवाज हाय," गोदूबाई म्हणाल्या आणि ठोकळा टेबलावर ठेवला, तो दोन्ही हातांनी.

हकिगत अशी होती. गोदूबाईंची आई बामीबाई ही पंचक्रोशीतली नावाजलेली धवलारीण. आगरी लग्नात एक वेळ भटजी उशिरा आला तरी निभावतं, पण धवलारणीवाचून पान हलत नाही. ती धवला गाते, म्हणजे लग्नाची गाणी. ती एक ओळ म्हणते आणि मांडवातल्या सगळ्या बायका तीच ओळ तशीच मागं म्हणतात. गोदूबाईंच्या स्वतःच्या लग्नात बामीबाई गायली, तेव्हा गोदूबाईंचा थोरला भाऊ पुंडलिक कुवेतहून आला होता. त्यानं तिथून आणलेल्या यंत्रावर तो धवला टेप केला. पुढं पुंडलिकही गेला आणि बामीबाईही. यंत्रात कोंबडी अंडी घालायला लागली, पण ठोकळा मात्र गोदूबाईंनी लुगड्यांच्या घडीत जपून ठेवला होता.

"नात हाय माजी, मनस्वी. तिची हलद हाय पुडच्या महिन्यान. आमची धवलारीन त्या दिशी दुसऱ्या लग्नाला बोलवलेली. मी बोलले, मंग माजी आयच येल आपले पनतीला हलद लावाला."

"पण आजी, तुम्ही स्वतः का म्हणत नाही? तुम्हाला येत असेल की."

प्रविण खाली बघून हसायला लागला. गोदूबाईंनी त्याच्याकडं असं पाहिलं की त्याचं हसू जागच्या जागी विझलं.

"मना शब्द समदे येतात साएब, एकूनएक. पन गला नाय. आय बोलायची, गोदू, तू गायलीस तं खाडीतले बगले उडून जातील आनि परत येवाचे नाय. म्हनून मी तोंड उगडलंच नाय कदी." मग पदर सावरत त्या म्हणाल्या, "आनि एक हाय. आमचेत धवला सुरू केला का अर्ध्यान तोडत नाय. शेवटाला धवलारीन बोलते, ऊठ गो नवरी, तवाच नवरीनं पाटावरून उटाचा. तवर नाय. धवला तुटला तं संसार तुटतो."

"निश्चिंत असा," गोपाळकृष्ण म्हणाले. हे दोन शब्द त्यांनी आयुष्यात ज्या ज्या वेळी उच्चारले, त्या त्या वेळी कोणाची ना कोणाची झोप उडालेली आहे. पण गोदूबाईंना हे कोण सांगणार? त्या निश्चिंत होऊन घरी गेल्या.

ठोकळा उघडायचा म्हणजे कडेच्या खाचेत पातळ पातं घालून हळूच दाबायचं, की आतला अडकवा टक् करून सुटतो. गोपाळकृष्णांनी सरोजिनीबाईंची लोणी लावायची सुरी घेतली. पहिला अडकवा सुटला, दुसरा सुटला, तिसऱ्याला त्यांनी जरा जोर लावला आणि झाकण उडून थेट देवघरात गेलं. त्याच क्षणी आतली टेप, इतकी वर्षं कोंडलेली, ती जी उसळून बाहेर आली ती टेबलावरून खुर्चीवर, खुर्चीवरून जमिनीवर आणि जमिनीवरून गोपाळकृष्णांच्या पायात. सरोजिनीबाई आवाज ऐकून बाहेर आल्या, तर नवरा गुडघ्यापर्यंत तपकिरी शेवयांत उभा.

"हलू नका," त्या म्हणाल्या. "आणि माझी सुरी आधी इकडं द्या."

ह्या काट्रिजची तऱ्हाच वेगळी असते. साध्या कॅसेटला दोन चाकं, हिला एकच. टेप चाकाच्या आतल्या अंगानं बाहेर निघते, फिरून येते आणि त्याच चाकावर बाहेरून गुंडाळली जाते. दोन टोकं एकमेकांना चिकटवलेली असतात, त्यामुळे तिला ना सुरुवात ना शेवट. बंद करेपर्यंत ती आपली फिरत राहते. गुंडाळायची तीही बेताने. घट्ट गुंडाळली तर जागची हलत नाही, सैल गुंडाळली तर आत गुंता होतो. गोपाळकृष्णांनी त्यावर उपाय म्हणून पोळपाट घेतला, त्याच्या मधोमध चाक ठेवलं आणि पोळपाट हळूहळू फिरवत टेप चढवू लागले. तो आठवडा सरोजिनीबाईंनी भाकऱ्या थापल्या, कारण भाकरीला पोळपाट लागत नाही.

आतलं रबराचं चाकही वितळून काकवी झालं होतं. तसलं चाक आता कुठं मिळणार? पण पेणला त्यांचा शाळासोबती दिनानाथ गणपतीचा कारखाना चालवत होता, आणि तिथं साच्यांसाठी रबर ओततात. दिनानाथनं सगळं ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला आणि उंदराच्या हातातल्या मोदकाच्या साच्यात रबर ओतून दिलं. गोपाळकृष्णांनी घरी येऊन मोदकाच्या कळ्या कानशीनं घासल्या. चाक गोल झालं, म्हणजे जवळजवळ झालं.

राहिला जोड. दोन टोकं जोडायला मुळात चांदीसारखी पट्टी असते. ती आली की यंत्र पुढच्या ट्रॅकवर उडी मारतं. गोपाळकृष्णांनी विचार केला, पुढचे ट्रॅक तर कोरेच आहेत, मग उडी हवीच कशाला? त्यांनी साधी चिकटपट्टी लावली आणि आपल्या हुशारीवर खूश होऊन स्वतःच चहा टाकला.

काट्रिज यंत्रात गेली. खरखर झाली आणि मग एका बाईचा ठसक्याचा आवाज आला, "गोदू, गप बस गो! नवरी हायस तू!" मागं बायकांचा हशा पिकला. गोदूबाई स्वतःच्या लग्नातही गायला निघाल्या होत्या तर! आणि मग बामीबाईनं धवला उचलला.

पाटावं बसली गो नवरी, हलदीनं न्हाली गो.

मागून बायकांनी तीच ओळ म्हटली. गोपाळकृष्णांच्या अंगावर काटा आला. आवाज मोदकाच्या चाकापायी किंचित डुलत होता, पण काय आवाज होता! मिठागरावरचा वारा लागलेला, रुंद, कोणाला न भिणारा. सरोजिनीबाई कणकेचे हात घेऊन दारात उभ्या राहिल्या, आणि आत तव्यावरची पोळी करपली तरी हलल्या नाहीत. गोपाळकृष्णांना मनापासून वाटलं, निवृत्तीनंतरचं आपलं आयुष्य आज कामी आलं.

एवढ्यावर थांबते तर ते गोपाळकृष्ण कसले?

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं की शेवट पुन्हा एकदा तपासू. टेप शेवटच्या कडव्याशी आणून थांबवली. यंत्रावर चालू करायच्या बटणाशेजारी लाल बटण होतं, रेकॉर्डिंगचं. मायक्रोफोन जोडलेला होता, कारण आदल्या दिवशी त्यांनी टेपच्या कोऱ्या ट्रॅकवर स्वतःचं "हॅलो, हॅलो" टेप करून ऐकलं होतं आणि ते त्यांना आवडलं होतं. चष्मा कपाळावर होता. दोन्ही बटणं एकदम दाबली गेली, आणि नेमक्या त्याच वेळी गच्चीवरून सरोजिनीबाई खाली आल्या. त्यांनी शाळेत तीस वर्षं पीटी शिकवली होती. त्यांना मायक्रोफोनची गरज कधीच पडली नाही.

"अहो, पापड कावळ्यांनी नेले! राखायला सांगितलं तर डब्यात डोकं घालून बसलात! उठा आधी, उठा!"

गोपाळकृष्ण उठले, तेव्हा त्यांना लाल दिवा दिसला. त्यांनी झडप घालून यंत्र बंद केलं आणि टेप मागची पुढची ऐकली. धवला होता, पण शेवटचं कडवं नव्हतं. 'ऊठ गो नवरी' जिथं असायला हवं तिथं कावळे होते आणि पापड होते.

त्यांची पाचावर धारण बसली. मेलेल्या बाईचा आवाज होता तो. कुवेतहून आलेल्या भावानं टिपलेला, मुलीनं लुगड्यांत जपलेला, आणि आपण तो एका बोटानं पुसून टाकला. त्यांना इतकी लाज वाटली की सरोजिनीबाईंनाही सांगता येईना. गोदूबाईंना फोन करायला त्यांनी फोन उचलला आणि तीनदा ठेवून दिला. मग भित्रा माणूस करतो तेच त्यांनी केलं, म्हणजे युक्ती काढली. हळदीच्या गोंधळात शेवट कोण नीट ऐकतो? कावळे आले की आपण आवाज बारीक करायचा, यंत्र थांबवायचं आणि 'झालं, झालं' म्हणून टाळ्या वाजवायच्या.

हळदीच्या दिवशी प्रविणनं गाडी पाठवली. मांडीवर यंत्र, यंत्रावर हात आणि तोंडात रामनाम, अशा थाटात गोपाळकृष्ण सरोजिनीबाईंसह गडबला पोचले. हायवेच्या प्रत्येक खड्ड्याला ते यंत्राला "सांभाळ" म्हणत होते.

मांडव भरला होता. मनस्वी पाटावर बसली होती, गोदूबाई तिच्याजवळ, आणि भोवती बायकांची ही गर्दी. गोपाळकृष्ण यंत्र मांडून आवाजाच्या बटणावर बोट ठेवून बसले. तेवढ्यात डीजेवाला अमोल आला. गळ्यात हेडफोन, हातात वायर.

"काका, तुमच्या डब्याचा आवाज किती तो? मी माझ्या मिक्सरला जोडतो. आख्ख्या गडबला ऐकू जाईल."

"नको, नको, घरगुतीच बरं," गोपाळकृष्ण म्हणाले, पण वायर लागलीसुद्धा. मांडवाच्या चारी कोपऱ्यांत कपाटाएवढे स्पीकर होते. आता यांच्या बटणानं आवाज कमीही होत नव्हता आणि जास्तही. ते नुसतं फिरत होतं.

'गप बस गो' एवढं वगळून त्यांनी टेप पुढून सुरू केली. बामीबाईचा आवाज मांडवात घुमला आणि सगळं शांत झालं. गोदूबाईंनी डोळे मिटले. त्यांच्या ओठांवर एकेक शब्द हलत होता, आवाज मात्र नव्हता. बामीबाई ओळ म्हणे, बायका मागं म्हणत. म्हाताऱ्या रडत होत्या आणि गातही होत्या. हळद लागत होती. गोपाळकृष्णांना वाटलं, आता भूकंप झाला तर फार बरं होईल.

भूकंप झाला नाही. शेवटचं कडवं आलं.

"अहो, पापड कावळ्यांनी नेले!" चारी कोपऱ्यांतून सरोजिनीबाई गरजल्या.

आता कोणालाही वाटेल, बायका थबकल्या असतील. पण धवल्याची सवय अशी की ओळ आली की मागं म्हणायची, विचार नंतर करायचा. पन्नास बायकांनी एका सुरात, बामीबाईच्याच चालीवर, लांबवून म्हटलं:

"अहो पापड गो, कावल्यांनी नेले गो..."

"राखायला सांगितलं तर डब्यात डोकं घालून बसलात!"

"डब्यान डोकं गो, घालून बसलात गो..."

गोपाळकृष्णांनी धावत जाऊन यंत्राच्या बटणाला हात घातला. एका म्हातारीनं त्यांच्या मनगटावर फटका मारला. "धवला तोडता काय? पोरीचा संसार मोडाचाय?"

'उठा आधी, उठा!' हेही म्हणून झालं, पण ते काही 'ऊठ गो नवरी' नव्हे, म्हणून मनस्वी पाटावरच राहिली. तोवर जोड येऊन गेला होता. टेप फिरून पहिल्यावर आली, आणि आता 'गोदू, गप बस गो! नवरी हायस तू!' हेही स्पीकरवर आलं. बायकांनी तेही म्हटलं. मग पुन्हा पाटावं बसली गो नवरी. मनस्वीला दुसऱ्यांदा हळद लागायला लागली, पहिली अजून वाळायची होती.

"आजी, मला उठायचंय," मनस्वी दातांतून म्हणाली.

"शेवट आला नाय अजून. बस."

दुसऱ्या फेऱ्यात बायकांना कावळ्यांचं कडवं चांगलंच बसलं. कोणीतरी त्यावर टाळ्याही धरल्या. सरोजिनीबाई पहिल्यांदा लाल झाल्या होत्या. आता मात्र त्या ताठ बसल्या आणि नवऱ्याकडं वळून म्हणाल्या, "घरात एक माणूस माझं ऐकत नाही. इथं बघा, गाव म्हणतंय." आणि त्याही गायला लागल्या.

तिसरा फेरा सुरू झाला. मनस्वी हळदीनं कडक झाली होती, तिला तोंड हलवता येईना. स्वयंपाकातले वडे गार होत होते. गोदूबाई उठून गोपाळकृष्णांसमोर आल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या, घाबरलेल्या होत्या, आणि ते बघणं फार अवघड होतं.

"साएब, माजे आयचा शेवट कुटं हाय?"

गोपाळकृष्णांच्या तोंडात दोन थापा तयार होत्या. त्यांनी दोन्ही गिळल्या.

"मी पुसला, आजी. चुकून लाल बटण दाबलं. तुमच्या आईचा शेवट गेला आणि माझ्या बायकोचे पापड आले. मला माफ करा." त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "ही टेप आता संपणार नाही. तिला शेवटच उरला नाही."

मांडवात एवढा मोठा माणूस रडायला आला म्हणून अमोलनं आवाज थोडा कमी केला. बायका मात्र थांबल्या नाहीत, त्यांना थांबताच येत नव्हतं. गोदूबाईंनी पाटाकडं पाहिलं.

"मंग मनस्वी उटाची कशी?" त्यांनी विचारलं.

"शब्द तुम्हाला येतात ना? एकूनएक?"

"येतात. पन गला—"

"आजे," पाटावरून ओठ न हलवता मनस्वी ओरडली, "बगले उडू दे! मना खाज सुटले!"

टेपवर बामीबाई शेवटच्या कडव्यापाशी आली होती. गोदूबाईंनी पदर खोचला. गोपाळकृष्णांनी अमोलला खूण केली, अमोलनं आवाज पार बंद केला, आणि गोदूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं.

खरं सांगायचं तर बामीबाईचं काही चुकलं नव्हतं. तो आवाज गंजलेल्या रहाटासारखा होता. मांडवाबाहेर कुत्री उठून चालू लागली. सूर वर जायचा तिथं खाली गेला आणि खाली यायचा तिथं तो कुठं गेला ते कोणालाच कळलं नाही. पण शब्द पक्के होते.

ऊठ गो नवरी, ऊन कललं गो,
पाट सोड तुजा, दार उगडलं गो.

आणि बायका? त्यांनी रीत सोडली नाही. जशी ओळ आली तशीच मागं म्हटली, शब्द न् शब्द, सूर न् सूर, चुकलेल्या जागा सगळ्या जिथल्या तिथं चुकवून. पन्नास गंजलेले रहाट एकदम फिरले. गोदूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या गात होत्या, आणि गोपाळकृष्णांना वाटलं की बेसूर गाणं इतकं सुंदर असू शकतं हे आपल्याला कोणी आधी कसं सांगितलं नाही.

मनस्वी उठली. उठताना हळदीचे पोपडे पाटावर पडले. बायकांनी हात उंच केले, मांडव दणाणला, आणि त्या आनंदात अमोलनं आवाजाचं बटण पुन्हा वर केलं. यंत्र बंद करायचं कोणाच्याच ध्यानात नव्हतं. जोड फिरून आला होता.

"गोदू, गप बस गो! नवरी हायस तू!" बामीबाई चारी कोपऱ्यांतून गरजली.

गोदूबाईंनी स्पीकरकडं पाहिलं, नाकातली नथ सारखी केली आणि पदरानं तोंड पुसलं.

"आता नाय गप बसाची, आये," त्या म्हणाल्या. "आता म्हातारी झाले मी."

आणि पन्नास बायकांनी, विचार न करता, त्यांच्याच सुरात मागं म्हटलं:

"आता नाय गप बसाची, आये गो, आता म्हातारी झाले मी गो..."